कड्यावरचा घास

घाटघर,
७ जुलै २०२४

भरतदादा,

घाटमाथ्यावर जन्मलेल्या आपणा सगळ्यांची तक्रार एकच आहे आणि ती मी वीस वर्षं जुन्नरच्या तहसील कचेरीसमोर उभी राहून सांगत आले आहे. तालुक्यातला सगळ्यात जास्त पाऊस आपल्या डोक्यावर पडतो, आणि होळीच्या आधीच आपल्या बाया टँकरच्या वाटेवर हंडे मांडून बसतात. पाणी खाली जातं. पाण्यामागं पोरं खाली जातात. तू पिंपळवंडीपर्यंत गेलास. आपला भाऊ गोरख तिथं गेला, जिथून खाली जायला आणखी जागाच नाही.

तू फोन उचलत नाहीस म्हणून दुकानाच्या पत्त्यावर लिहिते आहे. गिऱ्हाइकासमोर पाकीट फाडून फेकणार नाहीस एवढा भरवसा आहे.

तुला माहीत आहे तेच आधी लिहिते, कारण आपल्या घरात ते कुणीही एकदाही सलग बोललेलं नाही. तीन वर्षांपूर्वी श्रावणात, ओमानच्या दक्षिणेला, गोरखचं मालवाहू जहाज एका बाजूला कललं. डेकवरची माणसं तराफ्यावर चढली आणि वाचली. इंजिनखोलीतली वर आली नाहीत. इंजिनखोलीत आपला गोरख होता, कारण जळालेली मोटार तारेनं पुन्हा बांधायचं काम त्याला तुझ्या दुकानात येऊ लागलं होतं आणि तूच त्याला मुंबईला नेऊन भरतीच्या माणसासमोर उभं केलं होतंस. शोध थांबला तेव्हा कंपनीच्या माणसानं फोनवर 'बेपत्ता' असा शब्द वापरला. मेला म्हणायची त्यांच्यात हिंमत नव्हती, जिवंत म्हणायची सोय नव्हती. तू ती बातमी घेऊन घरी आलास आणि आईनं भावकीसमोर तुला म्हटलं, "तूच बुडवलास त्याला." तू ताटावरून उठलास. तेव्हापासून या उंबऱ्याला तुझे पाय लागलेले नाहीत.

त्या दिवसापासून मी समुद्र वाचते आहे. जुन्नरच्या वाचनालयात होतं तेवढं वाचलं, उरलेलं फोनवर, रेंज येते त्या टेकडीवर बसून. आपल्या छातीत जाणाऱ्या हवेतला जवळजवळ निम्मा प्राणवायू समुद्रातले डोळ्यांना न दिसणारे जीव तयार करतात, हे मला पन्नाशीला टेकल्यावर कळलं. घाटमाथ्यावर बसून आपण रोज समुद्राचा श्वास घेत होतो आणि आपल्याला कुणी शिकवलं नाही. चारशे-साडेचारशे हात खोल गेलं की सूर्याचा प्रकाश संपायला लागतो. त्याच्या पाचपट खोलीवर दुपारी बारा वाजताही काहीच दिसत नाही. गोरखचं जहाज गेलं तिथं तळ त्याच्याही खूप खाली आहे.

आता आईचं. ती रोज सकाळी नाचणीच्या भाकरीचा पहिला घास मागच्या ओढ्यात सोडायची. त्यानंतर स्वतः खायची. "जा, लेकराकडं जा," एवढंच बोलायची. तीन वर्षं मी ते बघत होते आणि गप्प होते. मागच्या महिन्यात तिनंच विचारलं, "पोचत आसंल ना गं, नूतन? तू येवढं वाचतीस."

विचारल्यावर खोटं बोलणं मला जमत नाही. अंगणातल्या मातीत बोटानं रेघ ओढून दाखवलं. आपला ओढा कुकडीला मिळतो, कुकडी माणिकडोहात थांबते, पुढं येडगावात थांबते, तुझ्या पिंपळवंडीच्या उसाला जाते. उरलं तर घोडला, भीमेला, उजनीला, कृष्णेला आणि देशाच्या पार पलीकडच्या बंगालच्या उपसागराला. गोरख अरबी समुद्रात आहे. आपल्या ओढ्याचं पाणी त्याच्याकडं पाठ करून निघतं.

तिनं रेघेवरून बोट फिरवलं. मग हात झटकले. "मग त्याच्या समिंदराला कंचं पानी जातं?"

मी नाणेघाटाच्या कड्याकडं बोट केलं. कड्याच्या कडेपासून पश्चिमेला पडलेला थेंब कोकणात उतरतो, काळू नदीला लागतो, खाडीतून अरबी समुद्राला मिळतो. भूगोल म्हणून ते अचूक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आई फडक्यात घास बांधून कड्याकडं चालायला लागली.

पावसाळ्यात दरीतून वर येणारा तो वारा तुला ठाऊक आहे.

तुझी,
नूतन

घाटघर,
४ ऑगस्ट २०२४

दादा,

उत्तर नाही. ठीक आहे. मला सभेत उत्तर न देणाऱ्या लोकांशी बोलायची सवय आहे.

शनिवार-रविवारी कड्यावर पाऊल ठेवायला जागा नसते. पुण्यामुंबईची पोरं येतात, पाण्याची बाटली दरीत फेकतात, वारा ती उलटी वर आणतो आणि सगळे हसतात. टोपी फेकतात, टोपी परत येते. पाणी खाली पडायच्या ऐवजी वर उडतं, त्याचे व्हिडिओ काढतात. आपणही लहानपणी पळसाची पानं टाकून हेच बघत होतो, तेव्हा बघायला कुणी येत नव्हतं एवढाच फरक. त्या गर्दीत आई डोक्यावर घोंगडीची खोळ घेऊन कडेला जाते, घास कुस्करते, नाव घेते आणि सोडते. वारा तो तिच्या तोंडावर आणून टाकतो. तिच्या भुवयांत भाकरीचा चुरा अडकलेला असतो.

पहिल्या दिवशी घरी येऊन ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही. मी म्हटलं, आई, हा वारा आहे, तू या कड्यावर जन्म काढलास, तुला मी सांगायचं का?

"वारा तर हायेच," ती म्हणाली. "पर वाऱ्याला बी कुनी सांगतंच ना. त्यानं परत केलं गं. माझ्या हातचं त्याला नगं."

यावर तुझी ही वक्त्री बहीण काय बोलणार? वन हक्काच्या सभेत मी कलेक्टरला निरुत्तर केलेलं आहे. इथं मी पदरानं तिच्या भुवयांतला चुरा पुसला.

आता तिचा नियम झाला आहे. त्यानं घेतल्याशिवाय आपण जेवायचं नाही. सकाळी चहा, संध्याकाळी मी ओरडले तर पेज. रोज ती कडेच्या आणखी जवळ जाते, कारण तिला वाटतं हात लांब गेला तर वाऱ्याच्या पलीकडं पोचेल. मी तिच्या कमरेला बैलाचा कासरा बांधते आणि दुसरं टोक माझ्या मनगटाला. पर्यटकांनी त्याचाही व्हिडिओ काढला. मी त्यांना जे बोलले ते इथं लिहीत नाही. हौशीरामची तिथं मक्याच्या कणसांची टपरी आहे, तो म्हणाला, "नूतनताई, भाषान दिऊ नका, गिऱ्हाईक पळतंय. आन म्हातारीला सांगा, लोकं धबधबा सोडून तिलाच बघायला येत्यात, माझ्या धंद्यात तिचा वाटा झाला." मग त्यानं स्वतः उठून गर्दी मागं सारली आणि आई परत येईपर्यंत कुणाला पुढं येऊ दिलं नाही.

परवा आईनं पळसाची पानं आणली आणि पुतळा बांधायला घेतला. देह हाती लागला नाही की आपल्याकडं जसा बांधतात तसा. डोक्याला नारळ, हातापायांना काड्या, अंगभर पानं. गोरख उंच होता म्हणून पाय दोनदा सोडून पुन्हा बांधले. पुतळा आढ्याला टांगला आणि मला म्हणाली, "भरतला बोलव. त्याच्या हातानं गेला, त्याच्याच हातानं सुटंल."

मी म्हटलं, मी देते अग्नी. बाईनं अग्नी द्यायला काय हरकत आहे, मी जाहीर सभेत हे मांडते. ती म्हणाली, "तुज्या हातानं कुटं गेला व्हता तो?"

बघ, ती तुला दोष देत नाही आता. ती तुला मागते आहे. हे मी तिच्या तोंडचं जसंच्या तसं लिहिलं, माझी भर नाही.

ये.

नूतन

घाटघर,
८ सप्टेंबर २०२४

दादा,

आज जुन्नरच्या बाजारात अंजनावहिनी भेटली. गौरीच्या सामानाची पिशवी तिच्या हातात होती आणि ती मला टाळू शकली नाही. पत्रं तू वाचलीस, दोन्ही गल्ल्यात ठेवलीस, असं तिनं सांगितलं. मग तू जे म्हणालास ते सांगितलं. ती ते सांगताना बांगडीशी चाळा करत होती, म्हणजे तिनं काही गाळलं असेल. जेवढं कळलं तेवढं असं: "आई म्हनली मी बुडवला. आता जाळायला बी मीच पायजे का?"

आणि दुसरं. तू गोरखचं टेबल अजून तसंच ठेवलं आहेस. त्यानं अर्धी बांधलेली कॉइल तू पुरी करत नाहीस आणि कुणाला हात लावू देत नाहीस. कुणीतरी तुला सांगितलं आहे की बुडालेल्या जहाजावरची माणसं कधी कधी दुसऱ्या देशाची जहाजं उचलतात, तुरुंगात टाकतात, वर्षांनी सोडतात. अग्नी दिला तर तू त्याला स्वतः मारलास असं होईल.

दादा, मी तुझ्याशी आता आईच्या वतीनं बोलत नाही, जे खरं आहे त्याच्या वतीनं बोलते.

बंद इंजिनखोलीतून माणूस तुरुंगात जात नाही. मी वाचलं आहे ते तुला सांगते, कारण कुणीतरी तुला सांगायला हवं आणि कंपनी सांगणार नाही. अरबी समुद्रात वरच्या पाण्याखाली एक जाड थर आहे, त्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. जगातल्या असल्या थरांत तो सगळ्यात मोठ्यांपैकी एक. मासे तिथं थांबत नाहीत. त्या थराच्या खाली काळोख आहे आणि काळोखात बर्फासारखं काहीतरी सतत पडत असतं. वरच्या पाण्यात मेलेल्या बारीक जीवांचा तो चुरा असतो, तळाला पोचायला त्याला आठवडे लागतात. तळाचे जीव त्यावर जगतात. देवमासा मेला की तो तळाशी जातो आणि त्याच्या एका देहावर कित्येक वर्षं एक अख्खं गाव जगतं. त्याच्या हाडांत शिरणारे किडे आहेत, त्यांना तोंड नाही आणि पोटही नाही, तरी ते हाडं खातात. हे वाचलं त्या दिवशी मी टेकडीवरून उतरून घरी आले आणि आईला काहीच सांगितलं नाही. तुला सांगते आहे. आपला भाऊ तिथं आहे. तो जाळायला परत येणार नाही म्हणूनच पानांचा जाळायचा असतो.

आणखी एक सांगते, आणि हे मला विसरता येत नाही. एका खोल समुद्रातल्या ऑक्टोपसच्या मादीवर शास्त्रज्ञांनी नजर ठेवली होती. ती खडकाला चिकटून अंड्यांवर बसली. चार वर्षांहून जास्त बसली. त्या सगळ्या काळात तिनं काही खाल्लेलं कुणाला दिसलं नाही. शेवटी गेले तेव्हा अंड्यांची रिकामी कवचं तिथं होती, ती नव्हती. या जातीच्या आया अशाच मरतात. पण तिची पिल्लं निघून गेली होती, दादा. आपल्या आईच्या खाली कवचसुद्धा नाही.

आज ती तिसऱ्या घासाला कडेवर आडवी झाली, पोटावर. मला कासऱ्यानं मनगट कापलं. तुला हे पत्र गल्ल्यात ठेवायचं असेल तर ठेव, पण पुतळा पावसाळ्याभर आढ्याला लटकतो आहे, ओलाव्यानं पानांना बुरशी धरली आहे, आणि आई तीच पानं बदलते आहे. मेलेल्याचे कपडे बदलावे तशी.

नूतन

घाटघर,
२७ ऑक्टोबर २०२४

दादा,

वारा पडला.

तुला सांगायला नको, दरवर्षी या दिवसांत पडतो. समुद्रावरून पाऊस घेऊन येणारा वारा थांबतो आणि उलटा, डोंगराकडून कोकणाकडं वाहायला लागतो. समुद्राच्या पाण्यालाही ते कळतं. आपल्या या समुद्रात प्रवाह वर्षातून दोनदा पाठ फिरवतात, उन्हाळ्यात एका दिशेला आणि हिवाळ्यात उलट. दर्यावर्दी हजारो वर्षं त्यावरच येत-जात होते. नाणेघाटातून उतरणाऱ्या मालाच्या गोण्या त्याच वाऱ्यावर परदेशी जायच्या. आपल्या गावच्या वाटेवर जगाचा व्यापार चालायचा म्हणून मी भाषणांत छाती फुगवते, ती वाट या वाऱ्यावर चालत होती.

मंगळवारी आईनं घास सोडला आणि तो परत आला नाही.

दुसरा सोडला. तोही गेला. कासरा ओढून मला म्हणाली, "घेतला."

घरी येऊन ती पोटभर जेवली. दोन भाकरी आणि वरणाची वाटी. मला हसून म्हणाली, त्या ओढ्याच्या नादानं उगा तीन वर्षं गेली. पुतळ्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. "जित्या लेकराचा पुतळा घरात टांगत्यात व्हय? काढ तो." मी काढून माळ्यावर नाचणीच्या कणगीमागं ठेवला. जाळलाही नाही, फेकलाही नाही.

दुसऱ्या दिवशी मी हौशीरामला घेऊन कड्याच्या बाजूच्या धोंडीवर गेले, जिथून खालचा टप्पा दिसतो. पंचवीस-तीस पुरुष उंचीइतकं खाली एक कपार आहे. घास तिथं पडतो आणि घारी तो उचलतात. त्याला काळू नदी कधी दिसत नाही. खालचा ओहळ तर आत्ताच आटलाय.

हौशीराम म्हणाला, "म्हातारीला सांगनार का?"

मी सांगितलं नाही, दादा. मी, जिनं गावच्या सरपंचाला, आमदाराला, भटजीला तोंडावर खरं सांगितलं. ती जेवते आहे. तिच्या गालावर थोडी तकाकी आली. दिवाळीसाठी ती शेव करायला बसली आणि म्हणाली, गोरखला जाड लागती. मी सोऱ्याची चकती बदलून दिली.

आता या घरात तो मेला आहे हे जाणणारी मी एकटी उरले. तू तिकडं त्याचं टेबल राखतोस, ती इकडं त्याला जेवू घालते. मध्ये मी आहे आणि माझ्याकडं फक्त खोली, प्रवाह, दाब आणि काळोखाची माहिती आहे. अरबी समुद्रात एक जातीचे देवमासे आहेत, हंपबॅक म्हणतात. जगभर त्यांचे भाऊबंद हजारो मैल येतात-जातात, फक्त आपल्या समुद्रातले हे थोडे जण घर सोडत नाहीत. शंभराच्याही आत उरले असावेत असं म्हणतात. नर गातात आणि पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून वेगानं जातो. लांबवर ऐकू जातो. मी रात्री असला विचार करायला लागले आहे की त्याला शेवटी काही ऐकू आलं असेल का. असा विचार मला शोभत नाही, हे मला कळतं.

तुला एवढंच सांगायला लिहिलं की आत्ता तुझी गरज नाही. तुला हवं होतं ते झालं. आई म्हणते तो जिवंत आहे.

नूतन

घाटघर,
२२ मे २०२५

दादा,

यंदा वारा आधीच आला. रेडिओवर सांगतात की कोकणाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात काही तयार झालंय. मृगाला अजून वेळ आहे, लोकांनी भाताच्या रोपांसाठी रचलेल्या राबाच्या भाजण्या भिजल्या, जळणं बाहेरच होती. काल मी जुन्नरला मोर्च्याच्या बैठकीला गेले होते. वाऱ्याचा मला वास आला होता तरी गेले, कारण मे महिना होता.

आई एकटी कड्यावर गेली. हिवाळ्यापासून कासरा खुंटीलाच होता, त्याची सवय मोडली होती. हौशीराम टपरीवर ताडपत्री बांधत होता म्हणून तो तिथं होता. त्यानं सांगितलं ते असं. तिनं घास सोडला, तो तिच्या छातीवर परत आला. तिनं तोच उचलून पुन्हा सोडला. पुन्हा आला. असं किती वेळ चाललं ते त्यानं मोजलं नाही. मग ती खाली बसली, कडेवर पाय सोडून, आणि घास हातात घेऊन पुढं वाकायला लागली. सोडायला नाही, नेऊन द्यायला. हौशीरामनं तिला काखेत हात घालून मागं ओढलं. दोघं चिखलात पडले. तिचं मनगट सुजलंय. तो मला म्हणाला, "ताई, म्या रोज न्हाई तितं. पुढल्या बारीला मी नसंन." त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती.

संध्याकाळी मी आले तेव्हा ती माळ्याखाली बसून होती. म्हणाली, "त्यो खाली काढ."

मी कणगीमागून पुतळा काढला. पानं वाळून गळून गेली होती, काड्या आणि नारळ उरला होता. तिनं तो मांडीवर घेतला. मला वाटलं ती रडेल. रडली नाही. म्हणाली, "सात मैनं घेत व्हता. आता पुन्ना न्हाई म्हनतोय. जित्या मानसाला भूक लागत्ये, नूतन. मेलेल्यालाच असं करता येतं." आणि मग, "भरतला बोलव. मी त्याला जे बोलले ते मागं घ्यायला बी बोलव."

तिला कळलंय, दादा. मी न सांगता कळलं. आणि कळल्यानं तिला काही बरं वाटलेलं नाही. ती जेवलेली नाही. आता जूनपासून सप्टेंबरपर्यंत वारा रोज वर येईल, ती रोज कड्यावर जाईल, आणि माझ्या मनगटात पूर्वीची ताकद नाही. मी मोर्चे काढले, कायदे पाठ केले, समुद्र वाचला. यातल्या कशानंही मला तिला घरात बसवता येत नाही. तिला थांबवणारी एकच गोष्ट तिनं स्वतः सांगितली आहे आणि ती माझ्या हातात नाही.

तू येशील असं मला वाटत नाही. खरं लिहिते. तीन पत्रं गल्ल्यात पडली, चौथं लिहिताना मी तुला मोकळं करून टाकलं होतं, आणि तू मोकळाच राहिलास. तुझ्या दुकानातल्या टेबलावर गोरख अजून अर्धा बांधलेला आहे आणि तुला तो तसाच हवा आहे. मी तुला समजून घेऊ शकते. माफ करू शकत नाही, कारण त्यासाठी आधी आई जिवंत राहायला हवी.

पुतळ्याला नवी पानं मी आज बांधली. पाय लांब ठेवलेत. आईनं दोनदा तपासले.

मंगळवारी अमावस्या आहे. सोमवारी दुपारी दुकानाचं शटर ओढ, जुन्नरहून घाटघरची शेवटची एसटी पकड, आणि मंगळवारी सकाळी आईच्या समोर तुझ्या हातानं गोरखला अग्नी दे.

नूतन